लग्नाला 25, मैदानाला शून्य

कोविडच्या साथीत, 21 एप्रिल 2021 ला राज्य सरकारचा ‘ब्रेक द चेन’चा कडक आदेश आला. लग्न करायचं तर एका हॉलमध्ये, दोन तासांत उरकायचं, माणसं जास्तीत जास्त 25. नियम मोडला तर 50 हजार रुपये दंड. तेव्हा सुचलेला एक हिशेब अजून डोक्यातून जात नाही. कबड्डीच्या संघात राखीव धरून 12 खेळाडू. दोन संघांचे 24. पंच एकच धरला तर 25. म्हणजे माणसांच्या मोजदादीवर गाडी अडली असती, तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या कॉलेजचा सामनाही त्या दोन तासांत बसला असता, जेवणाच्या पंगतीशिवाय.

हिशेब चावट आहे, मान्य. लग्नात कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही, कुणी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दुसऱ्याच्या तोंडासमोर श्वास सोडत नाही. कबड्डी आणि कुस्ती हे आमच्या भागाचे दोन जीव की प्राण खेळ, आणि दोन्ही श्वासाला श्वास भिडवून खेळायचे. हवेतून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचं काही शोधून सापडलं नसतं. म्हणून मार्च 2020 मध्ये मैदानांना कुलूप लागलं, यात मला तरी अन्याय दिसत नाही. 1897 चा साथरोग कायदा, प्लेगच्या वेळचा, राज्यानं 13 मार्चला लागू केला आणि पाठोपाठ कॉलेजं बंद झाली. त्या आठवड्यात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. न कळणाऱ्या संकटात आधी दार लावून घ्यायचं, हे शहाणपणच.

वाद पुढचा आहे. आजही क्रीडा शिक्षक, पालक आणि त्या वर्षांतली पोरं एकत्र बसली की तो निघतो. ‘खेळ बंद ठेवायला नको होते,’ असं एक म्हणतो. दुसरा लगेच दवाखान्यातले दिवस आठवून देतो. दुसऱ्याचं पारडं जड असतं, कारण त्याच्याकडे गेलेल्या माणसांची नावं असतात आणि पहिल्याकडे फक्त न झालेले सामने. न झालेल्या गोष्टीची बाजू मांडणं अवघड असतं.

तरी ती मांडायला हवी, कारण गारगोटीच्या या भूदरगड तालुक्यात कॉलेजचा खेळ ही हौस नाही. जे. पी. नाईकांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं ते खेड्यातल्या मुलांना शिक्षण त्यांच्या दारात मिळावं म्हणून. त्याच आवारातल्या कर्मवीर हिरे महाविद्यालयात वेदगंगेच्या खोऱ्यातून, पार पाटगावाकडच्या वाड्यावस्त्यांतून मुलं एसटीनं येतात. यातल्या कितीतरींसाठी मैदान हा नोकरीचा रस्ता असतो. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, पदक मिळालं, तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के जागांकडे बघता येतं. नाही तर पोलीस भरती, लष्कर भरती. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या पोरांना आपल्याकडे ‘भरतीची पोरं’ म्हणतात. त्यांचं मैदान बंद करणं म्हणजे शहरातल्या कुणाचा क्लब बंद करणं नव्हे.

पैलवान पोरांचं आणखी एक गणित असतं. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेत कुस्तीचं मैदान भरतं. तिथल्या इनामावर वर्षाचा खुराक चालतो, दूध, तूप, बदाम. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षी जोतिबाची चैत्र यात्रासुद्धा भाविकांविना झाली, तिथं गावच्या यात्रेची काय कथा. तालमी बंद, वस्ताद घरी, आणि गाठीला पैसा नाही. महाराष्ट्र केसरी जानेवारी 2020 मध्ये पुण्यात झाली ती पुन्हा थेट एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात. पैलवानाची उमेद आणि अंगातली रग या दोन्हींना वय असतं. सव्वादोन वर्षं म्हणजे त्यातला मोठा तुकडा.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की 2020 च्या उन्हाळ्यात आणि 2021 च्या लाटेत संघांचे खेळ बंदच हवे होते. आयपीएल झाली ना, असं पोरं विचारायची. झाली, सप्टेंबर 2020 मध्ये, दुबई-अबुधाबी-शारजात. गोव्यात तर आयएसएल फुटबॉलचा अख्खा हंगाम बांबोळी, फातोर्डा आणि वास्कोच्या रिकाम्या मैदानांवर खेळवला गेला. पण तिथला खेळाडू हॉटेलात कोंडून घेतलेला होता, त्याची दर काही दिवसांनी तपासणी व्हायची, दिमतीला डॉक्टर होते आणि या सगळ्यासाठी त्याला पैसे मिळत होते. आपला खेळाडू सराव संपला की दोन खोल्यांच्या घरात जातो आणि तिथं आजी असते. त्यानं पत्करलेला धोका त्याच्यापुरता उरत नाही, आजीला विचारल्याशिवाय तो तिच्या नावावर चढतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद साथीत चालत नाही तो यामुळे. शिवाय 4 मे 2021 ला तो सोन्याचा पिंजराही फुटला आणि आयपीएल मध्येच थांबवावी लागली.

त्याच 4 मे रोजी कोल्हापुरात काय चाललं होतं, आठवतं? गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीची मतमोजणी. मतदान झालं 2 मे रोजी, साडेतीन हजारांवर ठरावधारकांचं, राज्यभर कडक निर्बंध असताना. त्याआधी 15 जानेवारीला राज्यातल्या 14 हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक उरकली होती आणि त्या प्रचारात कोण कोणापासून किती हात लांब होतं, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. आणखी मागं जाऊ. दारूची दुकानं मे 2020 पासून उघडू लागली. बार आणि हॉटेलं 5 ऑक्टोबरला उघडली. व्यायामशाळा त्यानंतर 20 दिवसांनी, दसऱ्याला. मंदिरं दिवाळी पाडव्याला. कॉलेजं फेब्रुवारी 2021 मध्ये निम्म्या पटानं जेमतेम उघडली, लगेच मिटली आणि खऱ्या अर्थानं सुरू झाली 20 ऑक्टोबर 2021 ला. बिअरचा ग्लास आणि कॉलेजचं मैदान यांच्यात एका वर्षाचं अंतर.

यातल्या प्रत्येक निर्णयाला कारण होतं. दारूतून महसूल येतो, हॉटेलांवर कामगारांची पोटं आहेत, निवडणूक कायमची टाळता येत नाही, मंदिरासाठी आंदोलनं झाली. कारणं खरी आहेत. पण ती एकाखाली एक लिहून पाहिली की ध्यानात येतं, दारं रोगाच्या भीतीनं बंद झाली खरी, उघडली मात्र मागणाऱ्याच्या ताकदीनं. ज्याच्यामागे संघटना होती, मतं होती किंवा कर होता, त्याची पाळी आधी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, लांब उडी मारणाऱ्या मुलीची संघटना नसते. ती एकटीच वाळूच्या खड्ड्यात उडी मारते, उघड्या हवेत, जवळ कुणी नसताना. तिला आणि पैलवानाला एकच कुलूप लावण्यात वैद्यकशास्त्र कुठलं होतं?

इथं प्रशासनाची बाजू सांगायला हवी. नियम जेवढा बारीक, तेवढा तो राबवणं अवघड. पळणाऱ्याला सोडा आणि कबड्डीवाल्याला अडवा, हे गेटवरच्या शिपायानं ठरवायचं का? आज चौघं पळायला आले, उद्या चाळीस येतील. सरसकट बंदी सोपी असते आणि संकटात सोपेपणालाही किंमत असते. शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहांची कोविड केंद्रं झाली होती. तिथं धावपट्टीचा विचार कोण करणार? जून-जुलै 2021 मध्ये इतर जिल्ह्यांचे आकडे उतरत असताना कोल्हापूरचे उतरेनात, आणि जुलैअखेर वरून महापूर. एवढं कबूल. पण सोपा नियम काही आठवडे चालवून घ्यावा. दीड वर्ष चालला की तो आळस होतो.

अमेरिकेतला प्रकार आपल्या अगदी उलट आणि म्हणूनच पाहण्यासारखा. तिथं कॉलेजचा फुटबॉल हा कोट्यवधी डॉलरचा धंदा. ऑगस्ट 2020 मध्ये बिग टेन या मोठ्या विद्यापीठ गटानं हंगाम पुढं ढकलला. कोविडनंतर हृदयाच्या स्नायूंना सूज येते ही भीती तेव्हा ताजी होती. पुढच्याच महिन्यात, 16 सप्टेंबरला, त्यांनी निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरमध्ये सामने सुरू केले. तिथल्या कितीतरी विद्यापीठांत तेव्हा वर्ग मोबाइल-लॅपटॉपवर होते आणि खेळाडू मात्र मैदानावर. दुसरीकडे हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगनं अख्खं वर्ष खेळ बंद ठेवले. त्यांचा संसार तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशावर चालत नाही. थोडक्यात, तिथं पैसा होता म्हणून खेळवलं, आपल्याकडे पैसा नव्हता म्हणून विसरलं.

फरक आणखी एक. तिथले खेळाडू बोलले. पश्चिम किनाऱ्यावरच्या खेळाडूंनी ‘सुरक्षेची हमी द्या, नाही तर खेळणार नाही’ म्हणून जाहीर पत्रक काढलं. आठवड्याभरात दुसऱ्या गटानं ‘आम्हाला खेळायचंय’ अशी मोहीम चालवली, आणि शेवटी दोन्हीकडची मुलं एका निवेदनावर एकत्र आली. त्यांचं सगळं ऐकलं गेलं असं नाही. पण वादात त्यांचा आवाज होता. शिवाय तिथल्या क्रीडा संघटनेनं त्या वर्षाच्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं.

आता गारगोटीत जून 2019 मध्ये पदवीला प्रवेश घेतलेल्या मुलीचं काय झालं असेल ते मांडू. पहिलं वर्ष ठीक. दुसरं वर्ष शून्य. तिसऱ्या वर्षी कॉलेज दिवाळीच्या तोंडावर उघडलं आणि त्याच सुमारास एसटीचा संप पेटला, जो एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. कॉलेज उघडं, मैदान उघडं आणि वाडीवरून यायला गाडी नाही. शहरातल्या क्रीडा समीक्षकाला हा अडथळा सुचणारही नाही. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे कॉलेजं पुन्हा मिटली. तीन वर्षांच्या पदवीत दीड हंगामसुद्धा हाताला लागला नाही. पदवी मात्र वेळेवर हातात पडली, आणि पदवी मिळाली की कॉलेजच्या संघातलं नाव गेलं. मुलगा असेल तर घरचे म्हणतात, एम.ए.ला नाव घाल, अजून दोन वर्षं खेळ. मुलीच्या बाबतीत त्याच घरात दुसरा विषय निघालेला असतो. 25 माणसांत, दोन तासांत, कमी खर्चात उरकणारी लग्नं त्या काळात किती मुलींच्या वाट्याला आली असतील, याची नोंद क्रीडा खात्याच्या कुठल्याच वहीत मिळायची नाही.

‘असं असूनही पृथ्वीराज पाटीलनं एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र केसरीची गदा आणलीच ना, कोल्हापूरला दोन दशकांनी? शेजारच्या राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 2024 मध्ये पदक मारलं ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. या दोघांचा अभिमान मलाही आहे. पण त्यांच्या यशानं बंदीचा हिशेब चुकता होत नाही. जे टिकले ते आपल्याला दिसतात. गाठीला पैसा नाही म्हणून पुण्याला किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला लागलेला पोरगा दिसत नाही, कारण त्याचं नाव कधी पेपरात आलंच नव्हतं.

साथीत माणसाचं काहीतरी हिरावून घ्यावं लागतं, ते घ्यावंच लागतं. पण घेताना ते घेतलंय याची नोंद व्हावी आणि नंतर काही तरी परत करावं, इतकी अपेक्षा गैर नाही. सरकारला ते जमतच नाही असंही नाही. दोन वर्षं लष्कर भरती झाली नव्हती म्हणून जून 2022 मध्ये अग्निवीरांची वयोमर्यादा त्या वर्षापुरती 21 वरून 23 केली. राज्यानं डिसेंबर 2021 मध्ये लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांना, ज्यांचं वय कोविडमध्ये उलटलं त्यांना, एक संधी वाढवून दिली. विद्यापीठांनी जिमखान्यासारख्या न वापरलेल्या सुविधांच्या शुल्कात सवलत दिली. पैसे परत करायचं सुचलं, कारण पैशाची पावती असते.

खर्डेकर प्राचार्यांची गोष्ट कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी पैलवान खाशाबा जाधवांसाठी राहतं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. स्नेहसंमेलनात ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्या आजच्या प्राचार्यांकडून कुणी घर मागत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत खेळाडू विद्यार्थ्याची एक जागा ठेवली आहे. पुढच्या वेळी, साथ असो की महापूर, मैदान बंद करण्याच्या बैठकीला त्या विद्यार्थ्याला बोलवावं आणि आदेशावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणता खेळ बंद आणि कोणता चालू, फेरविचार कोणत्या तारखेला, आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई कशी. यातलं पहिलं डॉक्टरांना विचारून ठरेल. दुसऱ्याला फक्त कॅलेंडर लागतं. तिसऱ्याला थोडा खर्च येईल, आणि त्यावर बैठकीत भांडण होईल. होऊ दे, ते भांडण त्या विद्यार्थ्यासमोर होईल.