आजार लपविणे हा त्याग नव्हे

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन भगवंतांना संन्यास आणि त्याग यांचे तत्त्व विचारतो. उत्तरादाखल भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नियत कर्म टाकून देणे हा तामस त्याग. कर्म दुःखदायक आहे, त्याने देहाला क्लेश होतील, या भयाने ते टाकणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत राहून आसक्ती व फल यांचाच त्याग करणे हा सात्त्विक त्याग होय. हे विवेचन संन्याशांसाठी आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः गृहस्थाश्रमी मनुष्यास त्याचा उपयोग पावलोपावली आहे. आज आपण देहातील रोगाची वेळीच तपासणी या अगदी घरगुती गोष्टीच्या संबंधाने त्याचा विचार करू.

मुलगा म्हणतो, "आई, किती दिवस अंगावर काढतेस? एकदा तपासून घे." आई म्हणते, "मला काय धाड भरली आहे? आधी तुझ्या बहिणीचे लग्न पार पडू दे, मग पाहू." हा संवाद आपल्या देशात कोणत्या प्रांतात ऐकू येत नाही? आणि मग आपण सर्वजण त्या माउलीच्या सोशिकपणाची स्तुती करतो, त्यास त्याग म्हणतो. परंतु गीतेच्या कसोटीस हा त्याग उतरतो काय? तपासणीत काय निघेल याचे भय, लोक काय म्हणतील याची लाज, खर्चाची धास्ती, यांपायी कर्तव्य टळले असेल, तर तो राजस त्यागच झाला. 'दुखत नाही, त्या अर्थी रोग नाही' अशा समजुतीने टळले असेल, तर तो मोह होय. फलाची आशा ही जशी आसक्ती, तसे फलाचे भय हीही आसक्तीच. निष्कर्ष काहीही निघो, पाहणे हे माझे कर्तव्य आहे, ही वृत्ती सात्त्विक.

तेराव्या अध्यायात भगवंतांनी देहाला क्षेत्र म्हटले आहे आणि ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दुःखरूप दोष वारंवार पाहण्याचाही समावेश केला आहे. तेथे हेतू वैराग्याचा आहे, हे खरे. परंतु जो व्याधीकडे पाहावयासच भितो, त्याला वैराग्य तरी कोठून येणार? शेतकरी आपल्या शेताकडे पाठ फिरवून बसत नाही; कीड पहिल्या पानावर असतानाच तो ती पाहतो.

ही कीड किती लपून राहते, याचे प्रत्यंतर आपल्याच देशात मिळाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग अथवा गुप्तरोग होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरात केवळ ८ होत्या. वाचकहो, या आकड्यांत किती घरांचे मौन साठलेले आहे, याचा विचार करावा. त्या स्त्रियांना दुःख नव्हते असे नाही. विचारणारे कोणी नव्हते आणि दाखवावयास जवळ ठिकाण नव्हते. यास्तव दोष एकट्या माउलीचा नव्हे. तो तिच्या घराचा आणि गावाचाही आहे.

आता दुसरी बाजू पाहू. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो आणि तो वाढण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. त्या अवधीत पेशींतील बदल आढळला, तर साध्या उपचाराने तो दूर करता येतो. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. ज्या गटात या विषाणूची तपासणी केवळ एकदा झाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेने, सुमारे निम्म्यावर आले. एकदाच्या तपासणीने इतक्या घरांतील आई वाचते, तर ती टाळण्यास त्याग म्हणणे कितपत योग्य?

गावाजवळच्या तपासणी-केंद्राचे मोल येथे कळते. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणीतरी लागते, घरची चूल थांबते. तेच केंद्र पायी जाण्याच्या अंतरावर असेल आणि तेथील परिचारिका ओळखीची असेल, तर लाज व भय निम्मे ओसरते. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्यातील जांगला या गावी अशा प्रकारच्या पहिल्या सरकारी केंद्राचे उद्घाटन झाले. पुढे या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तिशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांचा रक्तदाब, रक्तातील साखर, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी हे या केंद्रांचे नेमलेले कार्य आहे. 'मंदिर' हे नाव सार्थ करणे मात्र केवळ सरकारच्या हाती नाही. भाविकांवाचून मंदिर ही नुसती भिंतींची वास्तू होय.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवितो तो पापच भक्षण करतो. आरोग्याचेही तसेच आहे. ज्यास वाहन आहे त्याने शेजारच्या वृद्धेस केंद्रापर्यंत न्यावे. ज्याच्या धर्मशाळेची खोली रिकामी असेल त्याने ती तपासणीच्या दिवसासाठी द्यावी. सासूने सुनेस आणि सुनेने सासूस सोबत करावी. ज्याच्या तपासणीत काही निघाले त्याची चर्चा ओट्यावर करू नये. परक्याचे गुपित राखणे हेही तपच आहे.

दोन सूचना ध्यानात ठेवाव्यात. प्राथमिक तपासणीत संशय आला म्हणजे रोग निश्चित झाला असे नव्हे. पुढील तपासणी करून घेतलीच पाहिजे. आणि रोग निघाल्यावर उपचाराची वाट दाखविणारे कोणी नसेल, तर निदानाचे पुण्य अर्ध्यावरच राहते. तसेच, भयाने वारंवार नको त्या तपासण्या करीत राहणे हाही योग नव्हे. आहारविहारात जो युक्तपणा सहाव्या अध्यायाने सांगितला, तोच येथेही हवा. वयाला व लक्षणांना अनुसरून जी तपासणी योग्य ती करावी.

तेव्हा, गृहस्थहो, येत्या एकादशीस उपवास करणाऱ्या आपल्या माउलीला नुसता नमस्कार करून थांबू नका. तिला विचारा, "आई, तुझी तपासणी कधी झाली?" ती हसून विषय टाळील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत चालू लागा. निष्कर्ष भगवंतांच्या हाती सोपवावा; पाऊल मात्र आपले आपणच उचलावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥