मना केलेल्या वस्तूचा उपवास

भस्म बुधवारापासून पुनरुत्थानदिनापर्यंतचे, रविवार वगळून, ४० दिवस आत्मपरीक्षणाचे मानिले आहेत. ह्या काळात मांस किंवा चहा सोडण्याची चाल पुष्कळ कुटुंबांत आहे. प्लास्टिकच्या नित्य वापराचाही असाच उपवास करावा, अशी विनंती चर्च ऑफ इंग्लंडने २०१८ साली आपल्या सभासदांस केली होती. हा विचार आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीही करण्याजोगा आहे.

परंतु आमच्याकडे येथे एक प्रश्न उभा राहतो. त्याच साली, ता. २३ मार्च रोजी, महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्मोकोलची ताटे मना केली, आणि पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठरविला. पुढे ता. १ जुलै २०२२ पासून, एकदा वापरून टाकण्याच्या कित्येक प्लास्टिकच्या वस्तूंस साऱ्या देशात बंदी झाली. मग जी वस्तू कायद्याने आधीच मना आहे, ती ४० दिवस सोडणे हा उपवास कसा? चोराने उपवासकाळात चोरी केली नाही, तर त्याने देवास काय अर्पिले?

आम्हांस वाटते की येथे देणे आणि अर्पण ही दोन वेगळी ओळखली पाहिजेत. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. ते देणे होते. त्याखेरीज त्याने आपले अर्धे द्रव्य दरिद्र्यांस देण्याचे ठरविले. ते अर्पण होते. मना केलेली पिशवी टाकणे हे पहिल्या प्रकारचे काम होय.

हे देणे कोणाचे, ते पाहावे. आमचा नगर जिल्हा दुधाचा. शिळी भाकर व भाजीची देठे पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकली, तर गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही. ते कोठ्यात साठत जाते, जनावर चारा सोडते, आणि शेवटी भरल्या पोटी उपासमारीने मरते. घोडेगावच्या बाजारात शेतकरी दात पाहून गाय घेतो. पोटातील पिशवी त्यास दिसत नाही. आम्ही आपल्या इच्छेने उपवास धरितो. पण आमच्या सोयीने त्या मुक्या प्राण्यावर लादलेल्या उपवासाचा जाब कोण देईल? चूल पेटविण्यास पिशवी घातली, तर तिचा विषारी धूर प्रथम चूल फुंकणारीच्या छातीत जातो. बाजारात भाजी विकणारी गरीब बाई पिशव्या ठेविते, कारण रिकाम्या हाताने आलेले गिऱ्हाईक पिशवी न मिळाल्यास दुसरीकडे जाते. सोय आमची होते, आणि दंडाचे भय मात्र तिला.

सर्वच प्लास्टिक पापमय आहे, असे आमचे म्हणणे नाही. अवर्षणाच्या ह्या मुलखात ठिबकच्या नळ्यांनी पाणी वाचते, व शेततळ्यात अंथरलेल्या कागदाने ते टिकते. वर्षानुवर्षे उपयोगी पडणारी वस्तू, आणि पाव घटका वापरून पिढ्यान्‌पिढ्या मातीत राहणारी वस्तू, ह्यांस एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे.

देणे फेडल्यावर अर्पणाचा विचार येतो. कायद्याने मोकळीक असलेली, परंतु ज्यावाचून सहज चालेल, अशी एखादी सोय प्रभुप्रीत्यर्थ सोडावी: शाम्पूची पुडी, विकतच्या पाण्याची बाटली, किंवा सणावारी लावावयाचा फ्लेक्सचा फलक. सोय सोडली म्हणजे घरातून निघण्यापूर्वी क्षणभर थांबून विचार करावा लागतो. हा थांबण्याचा अभ्यास हेच उपवासाचे फळ होय.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. उपवास धरून त्याच दिवशी आपल्या मजुरांस राबविणाऱ्यांचा देव निषेध करितो, हे यशयाच्या ५८ व्या अध्यायावरून सर्वांस ठाऊक आहे. प्रीतिभोजनास थर्मोकोलची ताटे आणू नयेत, असा ठराव पंचांनी केला, आणि २०० ताटे घासण्यास आमच्या भगिनी बसल्या, तर तो उपवास कोणाचा? ठराव करणाऱ्यांनीच पळसाच्या पत्रावळी लावाव्या. नाहीतर ज्या हातांनी भस्म बुधवारी कपाळास राख लाविली, त्याच हातांनी ती ताटांसही लावावी.

म्हणून ह्या उपवासकाळी प्रत्येक कुटुंबाने प्रार्थनेच्या वेळी दोन निश्चय करावे: मना केलेली पिशवी टाकण्याचा एक, आणि मोकळीक असलेली एक सोय सोडण्याचा दुसरा. सोडलेली सोय पुनरुत्थानदिनानंतर पुन्हा घ्यावी की नाही, हे ज्याने त्याने प्रभूसमोर ठरवावे. पिशवीविषयी मात्र असे ठरविण्याचे काही उरत नाही. फेडलेले देणे कोणी परत मागावयास जात नाही.