फितीखालचं जनावर

शिकाऱ्याच्या फितीखालचं जनावर नेहमी आडवं असतं. कोण केवढा मोठा, हा वाद त्यानंतरचा.

वाघ मोजायच्या दोन रीती होत्या. एकीत नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या शेवटच्या हाडाशी खुंटी ठोकायची, वाघ बाजूला ओढायचा आणि खुंट्यांमधलं सरळ अंतर घ्यायचं. दुसरीत फीत कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या चढउतारावरून दाबत न्यायची. या रीतीने तोच वाघ काही इंच जास्त भरे. जिम कॉर्बेटने मारलेला पवलगडचा वाघ 10 फूट 7 इंच भरला, तो असाच. आणि त्या लांबीत शेपूटही धरलेलं. शेपूट आखूड असेल तर चांगला आडदांड वाघही वहीत लहान ठरे.

वजनाचा काटा रानात कुठला? असला, तरी एका बैठकीत वीस-पंचवीस किलो मांस रिचवणाऱ्या जनावराचं खरं वजन कुठल्या दिवशीचं धरायचं? गव्याची उंची खांद्याशी घेतात. मेलेल्या गव्याचा पाय ताणला की ती वाढते. जिवंतपणी त्या पायांवर आठशे-नऊशे किलोंचा भार असतो.

इंचांची ही ओढाताण मी सोडून देईन. निवडीचं तसं नाही.

जनावरांत पेंढा भरून देणाऱ्या लंडनच्या रोलंड वॉर्डने 1892 मध्ये शिंगांच्या मापांचं आणि वजनांचं पुस्तक छापलं. त्यात नाव लागायचं तर कळपातला सर्वांत देखणा नर हवा. वाघाला असली हौस नाही. सांबराचं पाडस, म्हातारं, लंगडं, जे गाठता येईल ते तो धरतो. सर्वांत मोठ्याला हेरून मारणारा एकटा माणूस.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या रानमेंढ्यांत शिंगाचं वळण ठरावीक मापाचं झालेला नरच मारता येई. ज्याची शिंगं झपाट्याने वाढत, तो कोवळ्या वयातच या मापात बसे. पुरेशी पिल्लं मागे ठेवण्याआधीच गोळी लागे. आखूड शिंगांचा वाचे, त्याचाच वंश वाढे. तीसेक वर्षांत नरांची शिंगं आणि वजन, दोन्ही घटल्याचं संशोधकांनी 2003 मध्ये मांडलं.

1996 मध्ये मापाची अट कडक झाली होती आणि शिकार जवळजवळ थांबली होती. शिंगांची घसरण थांबली. पुढच्या अनेक वर्षांत जुनी लांबी मात्र परतली नाही.