गुपिताची मर्यादा

विद्यार्थी-समुपदेशनातील गोपनीयता, म्हणजे विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीवाचून इतरांपर्यंत न जाऊ देण्याचे बंधन, हा समुपदेशकाचा धर्मच आहे. कारण उघडे पडण्याची भीती असेल तर विद्यार्थी बोलतच नाही आणि न बोललेल्या दुःखावर उपाय होत नाही. परंतु हे बंधन निरपवाद आहे काय, हा प्रश्न बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अत्यंत दारुण रीतीने उभा राहिला. भारतातून तेथे गेलेल्या एका विद्यार्थ्याने 1969 मध्ये तातियाना तारासॉफ या तरुणीला ठार मारण्याचा मनोदय उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाजवळ व्यक्त केला; मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, त्यांनी त्या विद्यार्थ्याला थोडा वेळ ताब्यात ठेवून सोडले, आणि तिला वा तिच्या आईवडिलांना कोणीच सावध न केल्याने ऑक्टोबरमध्ये तिची हत्या झाली. संकटातील व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य होय, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली ठरवले.

व्रताचा असाच पेच महाभारतातही आहे: कर्णपर्वातील कौशिक नावाच्या तपस्व्याने सत्यव्रतापायी लपलेल्या माणसांचा ठाव दरोडेखोरांना सांगितला आणि तो अधोगतीस गेला. व्रत बोलण्याचे असो वा मौनाचे, निरपराधाच्या जिवावर बेतते तेथे त्याचे आंधळे पालन अधर्म्यच ठरते. मात्र या अपवादाचा आडोसा घेऊन विद्यार्थ्याचे प्रेम, नैराश्य किंवा लैंगिकता पालकांना वा प्राचार्यांना कळवणे हा निखालस विश्वासघात आहे. इतरांना हानीपासून वाचवण्यासाठी माहिती उघड करावी लागली, तर ती त्या हानीच्या निवारणास आवश्यक तेवढीच असावी, असे भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 23 बजावते.