दुसऱ्याची ठेव

आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात विम्याच्या कागदाची प्रिंट काढायला तिथे गेलो. "काका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका," मुलगा म्हणाला. कॉम्प्युटरवर साऱ्या गिऱ्हाइकांची यादी उघडीच होती. माझा कागद शोधताना त्याच्या हातून दुसराच उघडला. वर आमच्या शेजारच्या बाईंचं नाव, खाली बायॉप्सीचा निकाल. त्याने तो लगेच बंद केला, पण वाचायचं ते वाचून झालं होतं. माझ्यामागे दोघं उभे होते, त्यांनीही वाचलं असणार. बाईंनी तोवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. चोरांविषयी आपण पुष्कळ बोलतो. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसलात तर ताबडतोब 1930 वर फोन करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं. पण चोर न येताही केवढी माहिती बाहेर पडते! आणि ती सांडते तुमच्या-माझ्यासारख्यांच्याच हातून. सोसायटीचा सेक्रेटरी नव्या भाडेकरूचं आधार कार्ड सगळ्या ग्रुपवर टाकतो. दवाखान्यात भरल्या बाकांसमोर मोठ्याने विचारलं जातं, "पाळी कधी चुकली?" फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचली जातात. यात काही गैर आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही.

पूर्वी काशीयात्रेला निघालेलं माणूस दागिन्यांचं गाठोडं शेजाऱ्याकडे ठेवून जाई. शेजारी ते सोडून पाहत नसे, चारचौघांत त्याचा विषयही काढत नसे. आज माणूस आपला आजार, आपलं कर्ज, आपला मोडलेला संसार कागदावर उतरवून तुमच्या-माझ्या हाती देतो. तीही ठेवच आहे.

"लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?" असं काहीजण विचारतात. त्यांनी त्या बाईंच्या जागी उभं राहून पाहावं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2023 साली डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठीही कायदा झाला. कायदे आहेत. ते गल्लीच्या तोंडापर्यंत आणणं आपल्याकडे आहे.

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी बायका आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन रांगांत उभ्या होत्या. काळी आलेली, बाजूला फेकलेली प्रत कुठे जाते, हे त्यातल्या कितीजणींना विचारता आलं असेल? विचारलं तर काम अडेल, ही धास्ती असते. सावध राहण्याचा सारा भार अशा बाईवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. कागद घेणाऱ्यानेच आपणहून सांगावं, की तो कशासाठी हवा आहे, किती दिवस राहील आणि नंतर त्याचं काय होईल. वाया गेलेली प्रत तिच्यासमोर फाडावी. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मिळतं. त्यावर काम भागत असेल तिथे पूर्ण आकडा मागूच नये.

दुकानातून परतलो त्या दिवशी संध्याकाळी जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. मी पावसाविषयी बोललो. घरीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि माझी फाईल माझ्यासमोर काढून टाकायला सांगितली. मुलाने ती काढली. मग, पुढच्या गिऱ्हाइकांच्या फाइलीही त्यांच्यासमोरच काढून टाकत जा, असं म्हणालो. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "आधीच्यापण काढू का, काका?" त्याने विचारलं. दोन वर्षांच्या होत्या. मी स्टूल ओढून बसलो.