यक्षाने विचारले, ‘नकुलच का?’



सर्वांचे कल्याण व्हावे अशी प्रार्थना आपण रोज करतो. त्या ‘सर्वां’मध्ये कोणी जवळचा नसतो, कोणी दूरचा नसतो. पण आसनावरून उठल्यावर निर्णयाची वेळ येते. समजा, सेवानिधीतून एकाच विद्यार्थ्याची फी भरता येणार आहे. एक अर्ज आपल्या भाच्याचा आहे, दुसरा अनोळखी घरातील मुलीचा. अशा वेळी समभाव आपल्याला मार्ग दाखवू शकतो का, की तो प्रार्थनेपुरताच आहे?

महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिरापुढे असाच प्रसंग येतो. वनवासाची 12 वर्षे संपत आली आहेत. चौघे भाऊ सरोवराकाठी निष्प्राण पडले आहेत. युधिष्ठिराच्या उत्तरांनी संतुष्ट झालेला यक्ष म्हणतो, यांपैकी एकाला उठवतो, कोण हवा ते सांग. युधिष्ठिर नकुलाचे नाव घेतो.

यक्षालाही नवल वाटते. एवढा बलवान भीम, ज्याच्या बाहुबलावर सारे पांडव विसंबून आहेत असा अर्जुन. त्यांना सोडून सावत्र भाऊ का? युधिष्ठिराचे उत्तर साधे आहे. कुंतीचा एक पुत्र, म्हणजे तो स्वतः, जिवंत आहे. माद्रीचाही एक पुत्र जिवंत राहावा. दोन्ही माता त्याला सारख्याच आहेत. या वृत्तीला तो ‘आनृशंस्य’ म्हणतो. आनृशंस्य म्हणजे क्रौर्याचा अभाव, आणि तोच परम धर्म आहे असे त्याचे सांगणे आहे.

साधकहो, येथे थोडे थांबून पाहा. कुंती हस्तिनापुरात विदुराच्या घरी होती. माद्री मात्र पंडूबरोबरच गेली होती. तिच्या बाजूने बोलणारे तेथे कोणीच नव्हते. नकुलाला निवडले नसते तरी कोणी जाब विचारला नसता. जो समोर नाही, ज्याची शिफारस करायला कोणी नाही, त्याचा हक्क आपण मोजतो का? समभावाची परीक्षा येथे होते.

यावर कोणी विचारेल, मग स्वतःच्या मुलांचे काय? जगातील सर्व मुले समान, म्हणून घरच्या मुलाला उपाशी ठेवून बाहेर वाटत सुटायचे का? तसे नाही. युधिष्ठिराने कुंतीचा हक्क पुसून टाकला नाही; तिच्याजवळ एक पुत्र आहे हे त्याने आधी पाहिले. आजारी आईची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण ही कर्तव्ये आपल्याच वाट्याला आली आहेत. ती टाकून केलेली सेवा अपुरीच राहते.

पण जे आपल्याकडे विश्वासाने सोपवलेले आहे, तेथे ‘माझा’ हा शब्द चालत नाही. धृतराष्ट्राने पुत्रावर प्रेम केले, यात दोष नव्हता. राजसिंहासनावर बसल्यावरही तो केवळ दुर्योधनाचा पिता राहिला, तेथून कुळाचा नाश सुरू झाला. संस्थेचा निधी, कार्यालयातील खुर्ची, शिबिराची रांग ही आपापल्या परीने लहान सिंहासनेच आहेत.

म्हणून त्या दोन अर्जांसमोर बसाल तेव्हा नावे झाकून गरज वाचा. शक्य असेल तर निर्णय दुसऱ्या कार्यकर्त्याकडे द्या आणि स्वतः बाजूला व्हा. मुलीची गरज मोठी ठरली, तर निधी तिच्याकडे जाऊ द्या. भाच्यासाठी मामा म्हणून जे करायचे, ते आपल्या खिशातून करा. बहीण कदाचित रुसेल. ते दुःख खरे असेल आणि तेही आपल्यालाच सोसावे लागेल. समभाव फुकट मिळत नाही. युधिष्ठिरालाही अर्जुनावाचून पुढचा काळ काढण्याची तयारी ठेवूनच नकुलाचे नाव घ्यावे लागले.

अशाने मन कोरडे होईल, अशी भीती वाटते का? मग स्वर्गारोहणपर्वातील युधिष्ठिर पाहा. देवदूत त्याला नरकाच्या वाटेवर नेतो. असह्य होऊन तो मागे वळतो, तोच अंधारातून आर्त स्वर येतात: थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला सुख मिळते आहे. तो थांबतो. ते आवाज त्याला ओळखू येत नाहीत. तुम्ही कोण, असे तो विचारतो, तेव्हा कळते की ते कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी आहेत. मग तो तेथेच राहण्याचे ठरवतो. आप्तांवरचे त्याचे प्रेम तसूभरही आटलेले नव्हते. पण त्याचे पाऊल थांबले ते त्यांना ओळखण्याआधी.

या आठवड्यात एक साधना करूया. आपल्या हातून होणारा एक निर्णय निवडा आणि स्वतःला विचारा: या निर्णयात माद्री कोण आहे? येथे हजर नसलेल्या त्या व्यक्तीचे नाव मनात घ्या आणि मगच निर्णय करा.