विसरलेला पासवर्ड आणि 'तोच मी'चे प्रमाण
पासवर्ड विसरलेला मालक स्वतःच्याच लॅपटॉपपुढे परका ठरतो, कारण यंत्र मूळ पासवर्ड साठवत नाही, तर त्यापासून गणिताने काढलेले आणि उलट फिरवता न येणारे रूप, म्हणजे 'हॅश', जपते आणि टाइप केलेली अक्षरे त्याच्याशी जुळतात की नाही एवढेच तपासते. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये व्यक्तीची एकता जाणिवेच्या, पर्यायाने स्मृतीच्या, सातत्यावर उभी केली; यंत्र त्याच्याहूनही कठोर म्हणावे लागेल, कारण त्याला हजार आठवणी चालत नाहीत, पासवर्डची ती एकच हवी असते. भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शनात मात्र स्मृती, म्हणजे पूर्वानुभवाच्या संस्कारातून उपजलेले ज्ञान, आत्म्याला घडवत नाही, तर त्याच्या अस्तित्वाचे अनुमान करून देते. म्हणून संस्कार जागा झाला नाही, तरी ज्ञाता बदलत नाही. ही भूमिका अधिक समंजस वाटते, पण व्यवहाराला ती पुरत नाही. बिटलॉकर या संगणक-सुरक्षा सुविधेने कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीविना वाचता न येणारी, डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीने उघडते, मग ती किल्ली मालकाच्या हाती असो वा चोराच्या (दोघांत भेद करण्याचे यंत्राला कारणच नाही). आणि तीही हरवली, तर मालक तोच असूनही प्रमाण, म्हणजे ज्ञान सिद्ध करणारे साधन, उरत नाही.